चाकूरच्या तळ्यातली माखली

पिण्याच्या पाण्याची बोंब असलेल्या गावात महादेवी पोरींना समुद्र शिकवत होती, आणि पोरी सोडल्या तर हे गावात कुणालाच पसंत नव्हतं.

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. चाकूर अजून तालुकाही झालेलं नव्हतं. जिल्हा नवा, साहेब नवे, कचेरीवरची पाटी नवी; पाऊस तेवढा यायचा राहिला. विहिरींनी तळ दाखवला, गावाबाहेरचं तळं भेगाळलं, आणि टँकर आला की घागरींच्या खणखणाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. अशा दिवसांत मुलींच्या शाळेत शनिवारच्या शेवटच्या तासाला कुणी 'समुद्रात एका माशाचा बाप गरोदर राहतो' असं शिकवू लागलं, तर लोकांनी कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

लावू देत. महादेवीला त्याची फिकीर नव्हती.

ती गुरुपादप्पांची मुलगी. चाकुरात बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला किराणा, मागच्या फळीवर काष्ठौषधी. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वावडिंग, जे मागाल ते. पोरगी हुशार निघाली म्हणून त्यांनी तिला नांदेडला कॉलेजात घातलं, आणि ती बी.एस्सी., बी.एड. होऊन परत आली ती लग्नाचा विषय निघाला की उठून जायची सवय घेऊनच. गावच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली. शनिवारचा तास तिनं मागून मिळवला नव्हता, भांडून मिळवला होता. संस्थेचे अध्यक्ष बसवराज म्हणाले होते, "बाई, अभ्यासक्रमात न्हाई ते कशाला?" ती म्हणाली, "अभ्यासक्रमात दुष्काळही नाही. तो आलाच ना?" या उत्तरात तसा काही अर्थ नव्हता, पण ते इतक्या ठसक्यात आलं की अध्यक्षांनी मान डोलावून टाकली, आणि त्याचा राग त्यांच्या मनात राहिला.

तासाला पुस्तक नव्हतं, फळा नव्हता, खुर्ची नव्हती. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोरीच्या पोटाला दप्तर बांधायचं, त्यात खडूचे तुकडे भरायचे. ती समुद्रघोड्याचा बाप. मादी अंडी त्याच्या पोटावरच्या पिशवीत घालून मोकळी, मग बाप ती सांभाळतो आणि कळा देऊन पोरं बाहेर सोडतो. खडू भराभर उडायचे आणि वर्ग हसून लोळायचा. एकदा चुटकी वाजवायची शर्यत लावली, कारण बोटाएवढी एक कोळंबी नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बार उडाल्यासारखा होतो आणि शेजारचा मासा बेशुद्ध पडतो. एकदा समुद्रकाकडी आली. शत्रूनं धरलं की हा प्राणी आपली आतडीच बाहेर टाकतो, शत्रू त्यात गुंतला की हळूच निघून जातो आणि पुढं नवी आतडी उगवून घेतो.

"पण बाई," नववीतली शिवकांता उठून म्हणाली, "नवी येईस्तोवर ते जेवतंय कशात?"

शिवकांता ही अध्यक्ष बसवराज यांची नात. तिच्या प्रश्नांनी मास्तर लोक घामाघूम होत. महादेवीनं खरं ते सांगितलं की तोवर ते जेवतच नाही, आणि शिवकांतेला ते इतकं आवडलं की घरी भाकरी नको असली की ती म्हणू लागली, "माझी आतडी यायची हाईत अजून."

या पोरींपैकी एकीनंही समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी टँकर. म्हणूनच महादेवीला हा तास जिवापेक्षा प्यारा होता. आठवडाभर पोरी घागरीच्या रांगेत उभ्या राहून म्हाताऱ्या होत आणि शनिवारी तासाभरात पुन्हा पोरी होत. हे ती डोळ्यांनी बघत होती, आणि हा तास कुणी हिसकावून घेतला तर आपण गप्प बसणार नाही हेही तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आणि मग एका शनिवारी माखली आली.

वर्गात येताना महादेवीनं दुकानातल्या मागच्या फळीवरून मूठभर समुद्रफेस आणला होता. समुद्रफेस कोणत्या घरात नव्हता? पांढरा, हलका, लांबट, नखानं खरवडला की भुकटी होणारा. पोराचा कान वाहू लागला की आज्ज्या तो उगाळून कानात घालत. तिच्या अप्पांच्या, गुरुपादप्पांच्या दुकानात त्याचा मोठा पत्र्याचा डबा होता. समुद्र खवळतो, फेस काठाला लागतो, उन्हानं वाळतो, तो हा. असं अप्पांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. दुकान कडक शाकाहारी. माशाच्या तेलाच्या गोळ्या ठेवा म्हणून एजंट आला, तर अप्पांनी त्याला ओट्यावरही बसू दिलं नव्हतं.

महादेवीनं एकेक तुकडा पोरींच्या हातात दिला. "हा फेस नाही. कोकणात जिला माखली म्हणतात, त्या प्राण्याच्या पाठीतला हा सांगाडा आहे. कॉलेजच्या सहलीत रत्नागिरीला एका कोळणीनं माझ्यासमोर माखली कापली आणि आतून हा काढला." तिनं माखली उभी केली. आठ हात आणि वर दोन लांब सोंडा. हिरवट निळं रक्त. तोंडातून नाही, अंगातून शाईचा ढग सोडते. आणि क्षणात कातडीचा रंग बदलते, तेही तिला स्वतःला रंग दिसत नसताना. "आणि काळजं तीन!"

तीन पोरी तीन थाळ्या घेऊन बसल्या. दोघी लहान काळजं, एक मोठं. धाड, ठक ठक. धाड, ठक ठक. शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

शिवकांता घरी पोचली तेव्हा तिची आज्जी सहाणेवर समुद्रफेस उगाळत बसली होती. तान्ह्या नातवाचा कान वाहत होता. शिवकांता उंबऱ्यातूनच ओरडली, "आज्जे, ठेव ते! हाड हाय ते! तीन काळजाच्या जनावराचं!"

झालं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात लसूण घालायचा तरी विचार करणारी माणसं. त्यांच्या देवघराशेजारी पिढ्यानपिढ्या जनावराचं हाड! आज्जीनं सहाण अंगणात फेकली. बातमी वाऱ्यासारखी गावभर गेली. मग जे सुरू झालं ते बघून महादेवीला हसावं की रडावं कळेना. प्यायला थेंब नव्हता, पण घरं धुवायला निघाली. अध्यक्षांच्या वाट्याच्या टँकरच्या पाण्यानं त्यांचा अख्खा सोपा, म्हणजे घराची पुढची पडवी, धुतला गेला, आणि ते पाणी गटाराला लागताना वेशीतल्या बायका घागरी काखेत घेऊन बघत राहिल्या. दुकानावर पुड्या परत येऊ लागल्या. कुणी ओट्यावर ठेवल्या, कुणी लांबूनच टाकल्या. अप्पा एकेक पुडी उचलून डब्यात टाकत होते आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

घरी आल्यावर ते टोपी न काढताच बोलले. "काय करायलीस तू हे? बापाच्या दुकानावर माती टाकायलीस का?"

"अप्पा, कॉलेजातून आले तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हसून सोडून दिलं."

"मला सांगितलंस. गावाला कशाला सांगायचं?"

"मी गावाला नाही सांगितलं. पोरींना सांगितलं."

"एकच की गं ते!" आतून शांतम्मा, महादेवीची आई, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवराज स्वतः घरी आले. चहा घेतला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "हे पहा बाई," ते म्हणाले, "मी वाईटावर न्हाई. उद्या प्रार्थनेच्या वेळेला पालकांना बोलवलंय. तुम्ही एवढंच म्हणायचं, की समुद्रफेस म्हंजे समुद्राचा फेसच, माझी चूक झाली. लोकांचा जीव भांड्यात पडंल. तुमचा शनिवारचा तास तुम्हाला राहील. न्हाई म्हणालात, तर तास बंद. कायमचा."

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, "एक वाक्य हाय, माये. बोलून टाक. तुझा तास राहील, माझं दुकान राहील. फेस म्हन न्हाई तर हाड म्हन, त्या माखलीला काय फरक पडतोय?"

महादेवी त्या दिवशी नीट जेवली नाही. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं असं नाही. लग्नाच्या पाहुण्यांना तिनं किती वेळा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं. आणि एका वाक्यात सगळं वाचत होतं. दप्तर पोटाला बांधलेली दांडगी पोरगी, चुटक्या, थाळ्यांची काळजं, सगळं. तिनं ते वाक्य मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. पण दर वेळी समोर शिवकांता उभी राहायची आणि विचारायची, "बाई, मग त्या कोळणीनं कापलं ते काय होतं?" खोट्यावर टिकवलेल्या तासाला ती पुन्हा त्या पोरींच्या डोळ्यांत बघून काय शिकवणार होती? संताप आला तिला. अध्यक्षांचा, अप्पांचा, त्या धुतलेल्या सोप्याचा, आणि तिनं ते वाक्य म्हणून पाहिलं म्हणून स्वतःचाही.

सोमवारी शाळेच्या पटांगणात पोरी रांगेत, पालक भिंतीला, खुर्चीवर बसवराज. अप्पा एका कडेला उभे होते. महादेवी आली ती दुकानातला पत्र्याचा डबा काखोटीला मारून. तो तिनं सगळ्यांसमोर टेबलावर उपडा केला. पांढरा ढीग पडला. पुढं उभ्या असलेल्या बायका दोन पावलं मागं सरल्या.

"बाई," बसवराज म्हणाले, "एक वाक्य ठरलं होतं."

"तेच बोलते आहे. जरा लांबलं आहे." ती वळली. "अप्पा, तुम्ही हा माल कसा निवडता?"

अप्पा गडबडले. पण मालाबद्दल कुणी विचारलं की उत्तर न देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "ल्हान, मधलं, मोठं," ते म्हणाले. "तीन जाती."

"आणि आकार?"

"आकार एकच. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, त्याला बारीक काटा. काटा शाबूत असला तर माल चांगला."

"इतक्या वर्षांत गोल आला? चौकोनी? वेडावाकडा?"

"न्हाई," अप्पा म्हणाले, आणि म्हणताम्हणता थांबले. त्यांनी ढिगाकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

महादेवीनं बोटाएवढा एक आणि वीतभर एक असे दोन तुकडे उचलून वर धरले. "दूध उतू गेल्यावर फेस कुठंही वाळतो, कसाही वाळतो. समुद्राचा फेस दर वेळी एकाच साच्यात वाळतो का? त्याला दर वेळी काटा येतो? फेसाला लहान पोरं असतात आणि ती मोठी होतात?" तिनं मोठा तुकडा मधोमध मोडला आणि भिंग शिवकांतेच्या हातात दिलं. "बघ आणि मोठ्यानं सांग."

शिवकांतेनं आजोबांकडं पाहिलं नाही. भिंगातून पाहिलं. "मजले हाईत, बाई! बारीक बारीक. लई मजले. अन् खांब!"

"त्या मजल्यांत माखली पाणी घेते आणि सोडते. घेतलं की खाली, सोडलं की वर. तिला तरंगायचे कष्ट नाहीत. हे घर आहे, हाड आहे, आणि इतकं सुंदर बांधलेलं दुसरं काही आपल्या गावात नाही. विटाळ मानायचा तर खुशाल माना. पण मग पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधता ती कवडी? तीही कुणाची तरी पाठच होती. तिला धुवायला कुठलं पाणी आणणार आहात, अध्यक्षसाहेब? आणि पोराचा कान वाहत असेल तर त्याला दवाखान्यात न्या. हाडही घालू नका, फेसही घालू नका."

भिंतीकडं कुणीतरी हसलं आणि खोकल्यात दडवलं. बसवराज उठले. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. "तास बंद," ते म्हणाले. "या शाळेत, या इमारतीत, समुद्र पुन्हा निघायचा न्हाई." आणि ते गेले. अप्पाही गेले, लेकीकडं न बघता. टेबलावरचा ढीग तिला एकटीलाच डब्यात भरावा लागला. दुकानात नेऊन तिनं डबा होता तिथं फळीवर ठेवला. आठवडाभर बापलेकीत शब्द नव्हता. शांतम्मा दोघांच्या मधून ताटं नेत-आणत होती.

शनिवारी शेवटच्या तासाची घंटा झाली. फळ्यावर कुणी तरी 'सूतकताई' असं लिहून ठेवलं होतं. महादेवीनं ते वाचलं आणि त्या तासाची रजा टाकून ती सरळ बाहेर पडली. शाळा सुटल्यावर तळ्यावर यायचं तर आयांना विचारून या, एवढंच ती सकाळी वाटेत भेटलेल्या शिवकांतेला म्हणाली होती, आणि एक गोष्ट तिनं तिच्याकडून मागितली होती: चुलीतली राख.

तळं गावाबाहेर कोरडं पडलं होतं. काळ्या चिखलाच्या भेगा पाय अडकावा एवढ्या. महादेवीनं काठीनं रेघ ओढायला सुरुवात केली तेव्हा ती एकटी होती. मग पोरी येऊ लागल्या. कुणी सुपात राख आणली, कुणी फुटक्या घमेल्यात. शिवकांता आली ती अध्यक्षांच्या घरच्या पितळी पातेल्यात राख घेऊन, आणि पातेलं इतकं गच्च भरलं होतं की चुलीत काही उरलं असेल असं वाटेना. काळ्या तळावर राखेची पांढरट रेघ उमटत गेली. पोट. डोकं. आठ हात, एकेक हात बैलगाडीहून लांब. दोन सोंडा पार धोबीघाटाच्या दगडापर्यंत. तळ्यात एवढी मोठी माखली पसरली की तिच्या एका डोळ्यात चार पोरी उभ्या राहिल्या आणि पापणी मिटल्यासारख्या खाली बसल्या. पोटात तिघी थाळ्या घेऊन बसल्या. धाड, ठक ठक. धाड, ठक ठक.

आवाज गावात गेला. माणसं बांधावर जमू लागली. खाली बघून आधी कुणाला काही उमगेना, मग एका म्हाताऱ्यानं बोट केलं, "डोळा हाय ओ तो!" आणि मग सगळ्यांना ती दिसली. टँकरच्या रांगेतल्या बायका घागरी तशाच टाकून आल्या होत्या. एवढं मोठं जनावर आपल्या तळ्यात पडलंय आणि त्याची काळजं चालू आहेत, हे बघून माणसं जरा वेळ दुष्काळ विसरली असावीत.

बसवराज आले. बांधावरूनच त्यांनी आवाज दिला, "बाई! मी सांगितलं होतं, हे शाळेत चालणार न्हाई!"

महादेवीनं राखेनं भरलेले हात कमरेवर ठेवले. "शाळेत कुठंय, साहेब? तळ्यात आहे. तळं संस्थेचं आहे का?"

बसवराजांनी तोंड उघडलं, आणि त्यांना आपली नात दिसली. ती मोठ्या काळजापाशी बसली होती. तिनं आजोबांकडं बघतबघत थाळी आणखी जोरात वाजवली.

माखलीच्या पाठीवर महादेवीनं लांबट जागा मोकळी सोडली होती. तिथं काय भरायचं ते तिला ठाऊक होतं, पण ते मागायला दुकानात जायचं तिच्या मनात येत नव्हतं. राखही संपत आली होती. तेवढ्यात बांधावरची गर्दी हलली.

गुरुपादप्पा उतरत होते. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या काखेत पत्र्याचा डबा. भेगांमधून पाय सांभाळत, कुणाकडं न बघता ते माखलीच्या सोंडेवरून, डोक्यावरून चालत आले. राखेची रेघ पुसू नये म्हणून तिथं पाय उंच उचलत. मोकळ्या जागेपाशी येऊन ते उकिडवे बसले. डबा उघडला. पहिला तुकडा त्यांनी काटा तपासून निमुळत्या टोकाला ठेवला. मग ल्हान, मग मधलं, मग मोठं. आयुष्यभर निवडत आले तसंच.

महादेवी बाजूला बसली. तिनं पुढचा तुकडा त्यांच्या हातात दिला. "अप्पा, दुकानाचं काय?"

"दुकान हाय तिथं हाय." त्यांनी मान वर केली नाही. "हाड म्हणूनच विकीन. कुणाला घ्यायचं तर घेईल. फेस म्हणून आता मला विकता यायचं न्हाई, बघितलंय मी." आणखी एक तुकडा त्यांनी जागेवर बसवला, हात झाडले आणि बांधावर उभ्या असलेल्या गावाकडं बघून दुकानातल्या आवाजात ओरडले, "पुड्या घरात दडवून ठेवल्या असतील तर आणा! मोठं जनावर हाय, एवढ्यानं भागायचं न्हाई!"

बांधावरच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग अध्यक्षांच्या घरची आज्जी कनवटीला खोचलेली पुडी काढत बांध उतरू लागली.